मंगळवारचा डॉक्टर, शुक्रवारचा डॉक्टर

॥ श्री ॥

पांढुर्णा,
बुधवार, ९ जुलै २०२५

ती. भाऊले,

मालतीचा सा. न. वि. वि. पायाले हात लावून नमस्कार समज, पण उजव्या पायाले. डाव्याले लावत नाही, ओरडशील.

चौथीत शाळा सोडली तेव्हापासून मी किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलं नाही. पण फोनवर तुझ्याशी बोलायची सोय राहिली कुठं? मी सांगाले लागली का वहिनी फोन घेते, मग तुझा पोरगा वैभव घेते, मग ओट्यावर बसलेला कोणी येऊन आपला डॉक्टर सांगते. तू म्हणाला लिहून पाठव, खाटेवर पडल्या पडल्या चार खेपा वाचीन. तर घे, वाच.

तुझ्या डोक्याचंही नवल आहे. फेब्रुवारीत संत्र्याच्या तोड्यात शिडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हाडाले लोखंडी पट्टी बसवली. पाच महिन्यांनी एक्सरे काढला तर हाड जुडलंच नाही अन् एक स्क्रू ढिला. दुसरा माणूस धावत सुटला असता. म्हणजे धावता आलं असतं तर. तू म्हणतो, आता डॉक्टर मीच निवडीन, बैल घेतांना चालवून पाहतो तसा. डॉक्टराच्या दारातून माणसं कशी चालत निघतात ते पाहू, त्यावरून ठरवू. सारा सौंसर तालुका बैल घ्यायले तुले सोबत नेते म्हणून मी ऐकलं. नाहीतर माझी दुपार काही फुकट पडली नव्हती, दुकानात आमचे हे एकटेच साड्या उलगडून राहिले होते.

काल मंगळवार. वैभव ज्याचं नाव घेऊन राहिला तो नागपूरचा डॉक्टर दर मंगळवारी इथं येते, स्टेशनकडच्या मेडिकलच्या मागच्या खोलीत बसते. मी आत गेली नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बाक आहे, तिथं बसली. दहापासून दोनपर्यंत चौदा माणसं निघाली. बारा सरळ. सरळ म्हणजे कमरेत वाक नाही, पाय ओढत नाही. एक बाई तर इतकी खटखट गेली का मले तिच्या चपलेचा हेवा वाटला. दोघं तेवढे लंगडत होते, त्यातला एक तर पायात काटा भरल्यासारखा, नुसता नखरा. खोली ठंडी आहे, काचेचं दार आहे, डॉक्टर जवान आहे, दाढी कोरलेली.

माझं मत विचारशील तर पाय याच्याच हाती दे. तीन चहा पिऊन पित्त झालं.

लोभ राहू दे, अन् त्या पायावर वजन मात्र देऊ नको.

तुझी लहान बहीण
मालती

॥ श्री ॥

रामाकोना,
रविवार, १३ जुलै २०२५

चि. मालतीस,

नत्थूचे अनेक आशीर्वाद. जावई हेमराजजींना रामराम सांग.

पत्र पोचलं. काना-मात्रा तू दुकानातच विसरली वाटते, पण चाल बरोबर लिहिली. काटा भरल्यासारखा, हे वाचून मी इतका हसलो का सुचिता रांधता रांधता बाहेर येऊन पाहून गेली.

आता ऐक. बाजारात व्यापारी बैल पळवून दाखवतो. पळतांना जनावराचा दोष लपते. म्हणून मी म्हणतो, हळू चालव. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेवर पडते का पाहतो. मग म्हणतो, आता वळव. खरा दोष वळतांना दिसते. तू सरळ चालतांना पाहिलं, वळतांना नाही पाहिलं. माणूस वळवायचा कसा, तर मागून हाक द्यायची, ओ भाऊ तुमचं काही पडलं. तो वळते. तेव्हा पाय पाहायचा.

दुसरं असं, की एकाच दावणीवर सौदा होत नाही. तुमच्या इथं शुक्रवारी एक म्हातारे डॉक्टर येतात म्हणून गौतम मास्तर सांगून राहिला होता, बियाण्याच्या दुकानावर बसतात म्हणे. तेही पाहून ठेव. घाई करू नको. घाईत घेतलेल्या बैलाचं काय होते ते आपल्या बाबांनी एकदा दाखवलं आहे.

संत्र्याचा आंबिया बहार बरा धरला. फळ लिंबाएवढं झालं. मी खाटेवरून पाहत नाही, सुचिता पदरात आणून दाखवते.

पित्तावर कोकम घे. आशीर्वाद आहेतच, ते पुरवून वापर.

तुझा
नत्थूभाऊ

॥ श्री ॥

पांढुर्णा,
शनिवार, १९ जुलै २०२५

ती. भाऊले,

मालतीचा सा. न. वि. वि.

आधी तुझ्या त्या हाकेचं सांगते. पहिल्याच माणसाले मी म्हटलं तुमचं काही पडलं. तो वळला, छान वळला, मग खाली पाहत राहिला. काय पडलं विचाराले लागला. मी काय सांगू? आपल्या बटव्यातलं बटन काढून दिलं. तो म्हणे हे माझं नाही. मी म्हटलं मग कोणाचं असन. त्यानंतर मी कोणाले वळवलं नाही, तुझी विद्या तुझ्याजवळ ठेव.

आता शुक्रवारचा डॉक्टर. बियाण्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसते. एकवीस पायऱ्या आहेत, मी मोजल्या, कठडा एकाच बाजूनं. हाडाचा डॉक्टर अन् एकवीस पायऱ्या! जो चढला त्याले डॉक्टर पाहिजे कशाले?

मी खाली सोयाबीनच्या पोत्यावर बसली. अकरा माणसं उतरली. नऊ लंगडी. एक कुबड्यांवर, एक जण बसून बसून उतरला, लहान पोर उतरते तसा. सावरगावचा एक माणूस काठी टेकत आला, त्याचा एक पाय असा बाहेर फेकला जाते का बाजूचा माणूस सरकून उभा राहते. एका बाईचा गुडघा वाकतच नाही. पाहता पाहता माझेच गुडघे दुखाले लागले.

अन् डॉक्टर! साठीच्या पुढचा, शर्टाच्या खिशाले शाई लागलेली. तीन खेपा तो स्वतः खाली उतरून आला, ऑटोत बसलेल्या माणसाचा पाय तिथंच पाहिला, पोत्यांच्या मधात बसून बोलला अन् पुन्हा वर गेला. म्हणजे खाली निरोप घेऊन येणारा माणूस ठेवायची ऐपत नाही. अशाच्या हाती मी तुले देणार नाही.

मंगळवारवाल्याचा नंबर लावू का, तेवढं लिही. दोन ओळीत लिही, बाजाराच्या गोष्टी नको.

माया आहे म्हणूनच चिडते, हे ध्यानात असू दे.

मालती

॥ श्री ॥

रामाकोना,
गुरुवार, २४ जुलै २०२५

चि. मालतीस,

अनेक आशीर्वाद. बटनाची गोष्ट इथं साऱ्या गल्लीत झाली.

शुक्रवारवाल्याचं नाव कापलं. ज्याच्या गोठ्यातून अकरातले नऊ लंगडत निघतात, त्याच्या गोठ्यातला खुंटाही मी घेणार नाही.

पण मंगळवारवालाही मनात बसून नाही राहिला. चौदातले बारा सरळ? इतकी सरळ माणसं तर मले आमच्या ग्रामसभेतही दिसली नाहीत. कुठं तरी काही झाकून राहिले. छिंदवाड्याले एक डॉक्टर आहे म्हणतात. नाव विचारून ठेवतो. पोळा झाला की तू एखाद्या दिवशी जाऊन चाल पाहून ये. मग तीन दावणी होतील, मग ठरवू. वैभवले तसंही दिवाळीपर्यंत सुट्टी नाही.

पाय तसा बरा आहे. काळजी करण्यासारखं काही नाही. एका जागी बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतो, ओट्यावर लोक येतात, वेळ जाते.

खुशाली कळवत जा. माझी हीच खुशाली समज.

नत्थूभाऊ

रामाकोना,
मंगळवार, २९ जुलै २०२५

सौ. मालतीबाईंना,

सुचिताचा नमस्कार. हे पत्र यांच्या नकळत लिहून राहिले आहे, म्हणून लहान आहे.

पाय बरा नाही. मांडी सुजली आहे. खाटेवरून उठतांना दातात दुपट्टा धरतात, म्हणजे आवाज निघू नये. तुम्हाला लिहितात वैभवला सुट्टी नाही. वैभवला सांगतात, आत्याचं पाहणं व्हायचं आहे. तो बिचारा उद्याच सुट्टी घ्यायला तयार आहे. छिंदवाड्याचं नाव विचारलं तर म्हणतात, आठवून राहिलो. मालतीबाई, नाव नाहीच. एक्सरेचं पाकीट त्यांनी माळ्यावर टाकायला लावलं होतं. ते मी काढलं आणि या पत्रासोबत माझा भाचा मयूर याच्या हाती पाठवते. तो तुमच्याकडे बँकेत आहे, दुकानात आणून देईल.

एक गोष्ट सांगू की नको, असं चार दिवस करून राहिले. मागच्या खेपेला यांना कमरेखाली सुन्न केलं होतं. झोपवलं नव्हतं. हे सगळा वेळ जागे होते. मधात हिरवा पडदा, आणि पलीकडे मशीननं हाडाला भोक पाडतात तो आवाज, हातोडीचा आवाज. डॉक्टर आणि त्यांची माणसं क्रिकेटच्या गोष्टी करत होती म्हणे. हे पडद्याकडे पाहत पडून राहिले. मला पाच महिने यातलं काही बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात शिडी दुरुस्त करायला सुतार आला. त्यानं मशीन लावली तसा यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि दोन्ही कान झाकले. मग सांगितलं. सांगितलं आणि म्हणाले, मालतीला कळू देऊ नको, हसेल.

मी शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीजवळ बोलून आले. पण यांना उचलून गाडीत बसवणं तुम्हालाच जमेल.

माझ्यावर जीव आहे तुमचा, म्हणून लिहिलं.

सुचिता

॥ श्री ॥

पांढुर्णा,
बुधवार, ६ ऑगस्ट २०२५

ती. भाऊले,

नमस्कार केला आहे, पण मनातल्या मनात, कारण राग आला आहे.

वहिनीनं मले सगळं लिहिलं. तिच्यावर आवाज चढवू नको. चढवायचा असन तर शनिवारी राखीले मी येऊनच राहिली, माझ्यावर चढव.

हे पत्र लांब आहे. पाणी घेऊन बस.

शुक्रवारी मयूरनं एक्सरे आणून दिला. माझ्या मनात काय आलं, मी तो घेतला अन् एकवीस पायऱ्या चढून गेली. रागानं गेली. म्हटलं त्या म्हाताऱ्याले विचारू तरी, का बाबा तुझे सारेच लंगडे काहून? वर लाइन मोठी. मग मी लाइनीतच एकेकाले विचारलं, कधीपासून, कसं पडले, आधी कुठं दाखवलं. माझा स्वभाव तुले माहीत आहे, कोणी सांगत नसन तर मी उठून जवळ जाऊन बसते.

भाऊ, लाइनीतले सारे लंगडे आधी दुसऱ्याच्या हातून बिघडलेले होते. कोणाची पट्टी तुटलेली, कोणाचं हाड वाकडं जुडलेलं, कोणाच्या आतमध्ये पू झालेला. दोन दोन, तीन तीन दवाखाने करून जे उरले ते इथं येतात. तो सावरगावचा माणूस, पाय बाहेर फेकते म्हणून ज्याचं मी तुले हसून लिहिलं, तो गेल्या वर्षी खाटेवर टाकून आणला होता. दुसऱ्या गावी पाय कापा म्हटलं होतं त्याले. आता काठीनं शेतात जाते. त्याची बायको सोबत होती. तिनं सांगितलं, तो पहिल्यांदा उभा राहिला त्या दिवशी तिनं खालच्या बियाण्याच्या दुकानात सगळ्यायले पेढे दिले. मले तिच्या तोंडाकडे पाहवलं नाही.

मग काल मंगळवारी मी त्या मेडिकलच्या मागंही गेली. आत जाऊन बसली. तुझे ते बारा सरळ कोण, ते मेडिकलवाल्याले विचारलं. तिघं औषधाच्या कंपनीचे, बॅगा घेऊन येतात. दोघं हात दाखवाले आलते, हाताचा माणूस सरळच चालन. एकाले ताकदीचं इंजेक्शन पाहिजे होतं. पाच जण नुसते पेशंटाच्या सोबतीचे. अन् ती खटखट चालणारी बाई मेडिकलवाल्याची सून आहे, डॉक्टरासाठी डबा घेऊन येते. काल पुन्हा आली, वांग्याची भाजी होती.

आता समजलं? बाजारातला बैल ज्याच्या घरी वाढला त्याचाच गुण-दोष दाखवते. डॉक्टराच्या दारात दुसऱ्याच्या हातून मोडलेलं येते. आपण जातांनाची चाल पाहिली, येतांनाची पाहिलीच नाही. चूक तुझी, अन् बाकावर बसून मान हलवणारी मी, म्हणून माझीही.

दोघायलेही मी एकच सवाल केला, का तुमच्या हातून किती बिघडले. मंगळवारवाल्यानं घंटी वाजवून पुढच्या माणसाले बोलावलं. त्याच्या आधी एक्सरे पाहिला होता, चहाचा घोट घेते इतका वेळ, म्हणे परवा नागपूरले भरती करा. तू कोण, कसा, काय खाते, एक सवाल नाही.

शुक्रवारवाल्यानं चष्मा काढून ठेवला. म्हणे पुष्कळ वर्षं झाली, सारे आठवत नाहीत, जे आठवतात ते सांगतो. अन् खरंच सांगाले लागला. एका मास्तरीणबाईचा हात त्याच्याकडून सरळ झाला नाही. ती आजही खडू डाव्या हातानं धरते म्हणे. बाहेर लाइन लागलेली अन् हा माणूस माझ्यासारख्या अडाणी बाईले आपल्या चुका सांगून राहिला. मी म्हटलं बस, एवढ्या पुरे.

मग त्यानं तुझा एक्सरे उजेडाले धरला, खूप वेळ धरला. पहिला सवाल काय केला माहीत आहे? पेशंट खर्रा खातात का. मी म्हटलं दिवसाचे सहा. म्हणे पाच महिन्यांत कोणी बंद करा नाही सांगितलं? मी म्हटलं कोणी विचारलंच नाही. म्हणे तंबाखूनं हाडाले रक्त नीट पोचत नाही, जुडाले उशीर लागते, कधी जुडतच नाही. खर्रा सहा आठवडे बंद, साखर तपासा, रक्त तपासा, तोवर पायावर वजन नाही. मग नागपूरच्या दवाखान्यात मीच जुनी पट्टी काढून नवीन टाकीन अन् कमरेच्या हाडातलं थोडं हाड काढून तिथं भरीन. पाय अर्धा इंच आखूड राहू शकते, हे आधीच सांगून ठेवतो. अन् खर्रा सोडणार नसन तर मी हात लावणार नाही.

भाऊ, तू डॉक्टर निवडून नाही राहिला होता. तू दिवस काढून राहिला होता. चौथी दावणही तू पाहिली असती अन् पाचवीही. तोवर तो स्क्रू कुठं गेला असता?

मी डॉक्टराले ते मशीनच्या आवाजाचंही सांगितलं. लपवलं नाही. म्हटलं माझा भाऊ सांडाच्या समोर उभा राहते पण त्या आवाजाले भीते. तो हसला नाही. म्हणे पुष्कळ लोक भीतात, सांगत नाहीत, अन् मग येतच नाहीत. म्हणे पूर्ण झोपवून करू, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईशी आधी भेट करून देतो, जे विचारायचं ते तिले विचारा. एवढीच गोष्ट होती. एवढ्यासाठी तू दातात दुपट्टा धरून राहिला. अन् मी हसली असती असं तुले वाटलं, याचा राग मी वेगळा ठेवला आहे.

शनिवारी येते. घरात खर्रा दिसला तर राखी परत घेऊन जाईन.

लोभाचं नंतर पाहू.

मालती

॥ श्री ॥

रामाकोना,
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

चि. मालतीस,

अनेक आशीर्वाद.

राखी हातात आहे. तू उकिरड्यात फेकलेल्या पुड्या शोधायले मी गेलो नाही, कारण जाता येत नाही. आज चौथा दिवस. तोंडात सौंफ आहे अन् डोक्यात भुंगा. सुचितावर तीनदा ओरडलो, तिनं तीनदाही भाजीत मीठ जास्त टाकलं. ओट्यावरचे लोकही कमी झाले. खर्रा नाही तर कोणाले माझा पाय पाहायचा नाही, असं दिसते.

शनिवारी साऱ्यांसमोर बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. येतांनाची चाल पाहिली नाही, हे तू लिहिलं ते मी लय वेळ वाचत बसलो. तीस वर्षं बैल पाहतो, पण हे माझ्या ध्यानात काहून आलं नाही? तर बाजारात जनावर विकाले आणतात, सुधराले कोणी आणत नाही. मी विकायच्या जागेचं माप दुरुस्तीच्या जागी लावलं.

अन् दिवस काढून राहिलो होतो, तेही खरं. त्या टेबलावर माझ्या पायाशी काय चाललं ते मले दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आपलंच हाड आपल्या कानानं ऐकू नये, मालती. विचारायची लाज वाटली. माणसानं काय विचारायचं, का मले झोपवा म्हणून? तू जाऊन विचारलं. तू हसशील असं मले वाटलं, ते माझं चुकलं.

पोळ्याले बैल वैभव नेईल. त्याच्या दुसऱ्या शुक्रवारी, २९ ले, मले पांढुर्ण्याले आण म्हटलं आहे त्याले. पायऱ्या चढता येणार नाहीत. तो डॉक्टर खाली येते म्हणतेस, तर मी पोत्यावर बसून राहीन.

भीती आहे. पण तारीख आहे.

आशीर्वाद देणाराच या खेपेला आशीर्वाद मागून राहिला.

नत्थूभाऊ

नागपूर,
शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

सौ. मालतीबाईंना,

सुचिताचा नमस्कार. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते. तुम्ही कालच भेटून गेल्या, पण परवाची गोष्ट तुम्हाला कोणी नीट सांगितली नाही. वैभव नुसतं चांगलं झालं, चांगलं झालं म्हणतो.

आत नेतांना यांनी भूल देणाऱ्या बाईंना विचारलं, नक्की झोपेन ना. त्या हो म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, आजोबा, तुम्ही दहापासून उलटे आकडे मोजा. हे म्हणाले मी आजोबा नाही, आणि एवढं म्हणून झोपले. आकडे राहूनच गेले. आतल्या सिस्टरनं मला बाहेर येऊन सांगितलं.

साडेतीन तास लागले. तुमचे शुक्रवारचे डॉक्टर स्वतः बाहेर आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. म्हणाले, हाड भरलं, पट्टी चांगली बसली, आता काम हाडाचं आहे आणि खर्रा न खाण्याचं आहे.

हे जागे झाले तेव्हा पहिलं विचारलं, आवाज झाला का. मी म्हटलं मला नाही ऐकू आला. म्हणाले मलाही नाही. मग डोळे मिटून रडले, मालतीबाई. मी पुसले नाहीत, येऊ दिलं.

आज वरणभात खाल्ला, आणि दवाखान्यातल्या संत्र्याला नाव ठेवलं. म्हणजे शुद्धीवर आहेत.

तुमचा हात असाच आमच्या डोक्यावर असू द्या. वयानं मी मोठी आहे तरी म्हणते.

सुचिता

॥ श्री ॥

रामाकोना,
शनिवार, १० जानेवारी २०२६

चि. मालतीस,

अनेक आशीर्वाद, अन् एक तक्रार.

परवा नागपूरले एक्सरे झाला. डॉक्टरानं तो उजेडाले लावला, जुना बाजूले लावला, अन् मले जवळ बोलावलं. नोव्हेंबरात तिथं धुक्यासारखं दिसत होतं. आता हाड या काठापासून त्या काठापर्यंत एक आहे. मले एक्सरेतलं काही कळत नाही, पण एवढं कळलं. म्हणे नत्थूजी, जुडलं, आता पूर्ण वजन द्या. मी दिलं. तिथंच, त्याच्या टेबलापासून दारापर्यंत अन् दारापासून टेबलापर्यंत. त्यानं मले वळायलेही लावलं, अन् वळतांना पायाकडे पाहत होता. तेव्हा मले वाटलं, हा माणूस बाजारात उभा राहिला असता तर माझा धंदा बसला असता.

पाय अर्धा इंच आखूड आहे, त्यानं सांगितला होता तेवढाच. चपलेत तळवा टाकून दिला. डावीकडं थोडा झुकतो. खरं सांगतो, मी बैल असतो तर मी स्वतःले घेतलं नसतं. पण काल सकाळी काठी घेऊन एकटा संत्र्यात गेलो, शेवटच्या ओळीपर्यंत गेलो अन् परत आलो. सुचिता मागून येत होती. तिले वाटते मले माहीत नाही.

आता तक्रार. दवाखान्याच्या दारातून मी तुले फोन लावला. आपल्या तोंडानं सांगितलं, मालती, हाड जुडलं. अन् तू फोन ठेवून दिला. हूं नाही, चूं नाही. पुन्हा लावला तर उचलला नाही. संध्याकाळी हेमराजजींनी उचलला, म्हणे ती झोपली आहे. दिवसा? तू? काही दुखते खुपते का? मले खरं ते लिही.

आशीर्वाद पायी चालत येऊन देईन, थोडं थांब.

नत्थूभाऊ

॥ श्री ॥

पांढुर्णा,
बुधवार, १४ जानेवारी २०२६

ती. भाऊले,

मालतीचा सा. न. वि. वि. आता दोन्ही पायाले.

तिळगूळ वैभवच्या हाती पाठवला. कडक झाला आहे, पाक बिघडला. दात सांभाळून खा, दाताचा डॉक्टर मी पाहणार नाही.

मले काही दुखत नाही. फोन ठेवला कारण समोर चार बाया बसल्या होत्या, लग्नाच्या साड्या पाहून राहिल्या होत्या, गादीवर पंधरा साड्या उलगडलेल्या. तू म्हटलं जुडलं. मी बोलली असती तर भोकाड पसरलं असतं. गिऱ्हाइकासमोर रडणारी बाई मी नाही. फोन ठेवला. बायायले म्हटलं हिरवी घ्या, चांगली आहे. त्यांनी लाल घेतली.

मग ह्यायले म्हटलं तुम्ही पाहा जरा, अन् मागच्या खोलीत गेली. ते कपड्याचे गठ्ठे असतात ना, त्यावर टेकली. म्हटलं दोन मिनिटं पाठ लावते. तू शिडीवरून पडला त्या फेब्रुवारीपासून माझा दुपारी डोळा लागला नव्हता, रातच्याले लागे तर तुझ्या खाटेचा आवाज ऐकू येई, रामाकोन्याहून. हे मी कोणाले सांगितलं नाही अन् तूही सांगू नको.

टेकली ती झोपलीच. दुपार गेली, चहाची वेळ गेली, दिवे लागले. तुझा दुसरा फोन वाजला तो मले ऐकूच नाही आला. शेवटी हे घाबरले. मागं येऊन नाकाखाली बोट धरून पाहिलं म्हणे, श्वास चालू आहे का. त्या बोटानं जागी झाली. मी म्हटलं जिवंत आहे, चहा ठेवा. तीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदा ठेवला. साखर विसरले, मी तसाच पिली, गोड लागला.

आता शेवटच्या ओळीपर्यंत रोज जाऊ नको, एक दिवसाआड जा. झुकतो ते मले चालते.

लोभ कमी होणार नाही, बोलणंही कमी होणार नाही.

तुझी
मालती